दर तासाला बीपी

नागपूरच्या दोन सरकारी दवाखान्यांत 2015 ते 2017 या काळात गरोदर बायकांच्या एकदम वाढलेल्या रक्तदाबावर एक अभ्यास झाला. पोटात घ्यायच्या तीन गोळ्यांपैकी कोणती गोळी बीपी लवकर आणि धोका न होता खाली आणते, एवढाच त्यातला प्रश्न. 894 बायकांवर तो झाला. त्यातली एक मी.

निकाल 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिथे आम्ही सगळ्या जणी आकड्यांत आहोत, आणि ते तसंच असायला हवं. पण आजही आमच्याकडे दवाखान्यात कुणी कागद पुढे करून “अभ्यासात येता का” असं विचारलं, की घरची माणसं आधी अंगावर धावून जातात. जिला विचारलंय तिचं काय म्हणणं आहे, हे कुणी ऐकूनच घेत नाही. म्हणून त्या कागदाच्या अलीकडचं आणि पलीकडचं जे मी पाहिलं ते लिहिते आहे.

मी काटोल तालुक्यातली. एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. पहिलं बाळंतपण, म्हणून आठव्या महिन्यात माहेरी आले होते. संत्र्याची तोड चालू होती, घरात माणसांची वर्दळ होती. पाय सुजले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, पहिलटकरणीचे सुजतातच. मग चेहरा सुजला. बोटातली अंगठी निघेना. डोकं दुखायला लागलं ते कपाळावर बाम चोळून थांबेना, आणि एका सकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं झालं. आमच्या आशाताईंनी मला दारातूनच पाहिलं आणि म्हणाल्या, “कार्ड घे आणि चल.” उपकेंद्रातल्या सिस्टरने बीपी घेतला, लघवीत पट्टी बुडवून पाहिली, पट्टीचा रंग पालटला, आणि तिने थेट गाडी बोलावली. निघण्याआधी दोन्ही कुल्ल्यांवर एकेक इंजेक्शन दिलं. अंगातून आगीचा लोळ गेल्यासारखं झालं. ते मॅग्नेशियम सल्फेट होतं, झटके येऊ नयेत म्हणून देतात.

त्या इंजेक्शनाबद्दल इथेच सांगते. हे औषध उपयोगी आहे, हेसुद्धा बायकांनी अभ्यासात भाग घेतला म्हणूनच कळलं. 2002 मध्ये मॅगपाय नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. 33 देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायका त्यात होत्या, आपल्या देशातल्याही. बीपी वाढलेल्या बाईला झटके येण्याचा धोका या औषधाने निम्म्याहून कमी झाला. त्या बायकांनी ‘हो’ म्हटलं नसतं तर आमच्या उपकेंद्राच्या कपाटात ती कुपी आली असती का, असं मला आता वाटतं. गाडीत पडून होते तेव्हा अर्थात यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आई माझा हात धरून बसली होती आणि ड्रायव्हरला सारखी “सावकाश, बापा, सावकाश” म्हणत होती.

नागपुरात पोचलो तेव्हा बीपी 172/114 होता. वरचा आकडा 160 किंवा खालचा 110 झाला, की त्याला तीव्र म्हणतात. त्याच्या पुढे मेंदूतली रक्तवाहिनी फुटू शकते, झटके येऊ शकतात, वार आतल्या आत सुटू शकते. गरोदरपणात बायका दगावतात त्या कारणांत रक्तस्रावाच्या पाठोपाठ याच दुखण्याचा नंबर लागतो. आणि यावर खरा उपाय एकच, बाळंत होणं. वार बाहेर आली की दुखणं उतरणीला लागतं. तोवर बीपी आटोक्यात ठेवायचा.

केसपेपर झाला, खाट मिळाली, आणि रेसिडेंट डॉक्टरांसोबत एक सिस्टर आल्या. वॉर्डातल्या नव्हत्या, अभ्यासाच्या होत्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या डोक्याशी बसल्या. हे मला अजून आठवतं, कारण त्या दिवशी तोवर सगळे उभ्यानेच बोलत होते.

त्यांनी कागद मराठीत वाचून दाखवला. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा, ही तीन औषधं. तिन्ही गरोदरपणात आधीपासून वापरात आहेत, नवीन एकही नाही. मोठ्या ठिकाणी शिरेतून औषध देऊन बीपी उतरवतात, पण त्याला सुई लावणारा हात लागतो, सतत नजर ठेवणारं माणूस लागतं. लहान दवाखान्यात ते नेहमी असतंच असं नाही. गोळीवर भागलं तर कितीतरी बायकांचा जीव वाचेल. पण तिन्हींपैकी चांगली कोणती, हे आमनेसामने ताडून पाहिलेलं नाही. तुम्ही हो म्हटलं तर तिन्हींतली एक मिळेल. कोणती, ते तुम्हीही निवडणार नाही आणि आम्हीही नाही, संगणकाने तो क्रम आधीच लावून ठेवला आहे. सहा तास दर तासाला बीपी घेऊ. सहा तासांत उतरला नाही किंवा मध्येच काही बिघडलं, तर दुसरं औषध देऊ. नाही म्हटलं तर इथे नेहमी जो उपचार होतो तोच होईल, आत्ताच होईल, त्यात काही कमी पडणार नाही. हो म्हणून नंतर नाही म्हणायचं असेल तर तेही चालेल.

आई मध्येच कडाडली. “माह्या पोरीवर प्रयोग कराचा हाय का तुमाले? सरकारी दवाखान्यात आलो म्हून?”

तिचा राग मला समजत होता. गरीब बायकांच्या अंगावर, त्यांना न विचारता, न सांगता काय काय झालेलं आहे, हे आमच्या आयांच्या पिढीला ऐकून माहीत आहे. त्यामुळे संशय घेणं चूक नाही, असंच मी आजही म्हणेन. सिस्टर चिडल्या नाहीत. आईला म्हणाल्या, “मावशी, तुम्हाला काय विचारायचं ते विचारा.” आई काही बोलली नाही. मग मीच विचारलं, “यातली कोणती चांगली, हे तुम्हाला खरंच माहीत नाही?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “माहीत असतं तर तीच दिली असती. अभ्यास कशाला केला असता?”

मला वाटतं, मी हो म्हटलं ते या उत्तरामुळे. डॉक्टरलोक आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही हे रोग्यासमोर सहसा बोलत नाहीत. इथे ते कागदावर छापलेलं होतं आणि तोंडानेही सांगितलं जात होतं. मी आणखी दोन गोष्टी विचारल्या. बाळावर काय परिणाम होईल, आणि माझं नाव कुठे जाईल का. पहिल्याचं उत्तर असं, की बीपी फार घसरला तर बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं, म्हणून नुसता उतरवायचा नाही, ठरलेल्या मर्यादेत आणायचा. वरचा 120 ते 150, खालचा 70 ते 100. आणि नावाच्या जागी क्रमांक राहील.

नवरा अजून वाटेत होता. मी म्हटलं, त्यांची सही? सिस्टर म्हणाल्या, “सही तुमची लागते. त्यांच्याशी बोलायचं असेल तर फोनवर बोलून घ्या.” मी फोन केला. तो म्हणाला, तुला काय वाटतं? लग्नानंतर इतक्या मोठ्या गोष्टीत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला होता. मी सही केली. कागदाची एक प्रत मला दिली, ती आईने पिशवीत घडी करून ठेवली.

शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिला लिहितावाचता येत नव्हतं. तिच्याजवळ अभ्यासाशी संबंध नसलेली एक बाई साक्षीदार म्हणून बसवली. सगळा कागद तिच्या देखत वाचला, प्रत्येक मुद्द्यावर थांबून “काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा” असं विचारलं, आणि मगच अंगठा घेतला. मी हे कुशीवर वळून पाहत होते. डोकं ठणकत होतं, तरी पाहत होते.

एक शंका मात्र माझ्या मनात तेव्हाही होती आणि अजून आहे. डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना, पोटातलं लेकरू हलतंय की नाही याकडे सगळा जीव लागलेला असताना बाईने जे हो म्हटलं, ते कितपत तिचं? माझ्यापुरतं मी सांगू शकते की मला समजलं होतं. पण तो कागद थोडा आधीच पुढे आणला असता तर बरं झालं असतं. सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीला येतो तेव्हा बाकावर तासन्‌तास बसलेल्याच असतो. तेव्हा सांगून ठेवता येईल, की पुढे असं झालं तर तुम्हाला असं विचारतील, घरी बोलून ठेवा. ज्या ज्या अभ्यासात हे जमण्यासारखं आहे, तिथे ते करायलाच हवं.

माझ्या वाट्याला मिथाइलडोपा आलं. एकदम एक हजार मिलिग्रॅम, पाण्याबरोबर. घड्याळ पाहून वेळ लिहिली.

आणि मग बीपी. आजवर माझा बीपी कितीतरी वेळा घेतला गेला असेल, पण असा कुणी घेतला नव्हता. आधी बाही वर सरकवायला लावली. ती दंडात रुतायला लागली तर म्हणाल्या, हात बाहीतून बाहेरच काढा. कपड्यावरून पट्टा बांधायचा नाही. पाठीमागे उशी दिली, हात छातीच्या उंचीला येईल असा टेकवला. आईला सांगितलं, पाच मिनिटं हिच्याशी बोलू नका. मलाही बोलू दिलं नाही. दंडाच्या मापाचा पट्टा शोधून आणला. हे सगळं दर तासाला, तितक्याच निगुतीने. पहिल्या तासाला 170/112. दुसऱ्याला 166/110.

इथे गाडी अडली. शेजारच्या बाईला दुसरी गोळी आलेली होती. पुढच्या तासाला तिसरी आली. तिला तिन्हींतलं माझ्याहून वेगळं औषध मिळालं होतं, आणि ते बीपी उतरेपर्यंत तासातासाला वाढवत नेतात. मला काहीच नाही. माझ्या जवळ येऊन फक्त पट्टा बांधायचे, आकडा लिहायचे आणि जायचे. आई थोडा वेळ गप्प राहिली, मग उठली आणि थेट डॉक्टरांच्या टेबलाशी गेली. “तिले गोया देऊन ऱ्हायले, माह्या पोरीले काहून नाई? आमी काय कमी हाओ का?”

सगळा वॉर्ड बघायला लागला. मलाही खरं सांगायचं तर तेच विचारायचं होतं. डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्या आल्या आणि खाटेच्या कडेला टेकल्या. म्हणाल्या, हिच्या गोळीची चाल सावकाश आहे. घेतल्यावर काही तासांनी तिचा जोर येतो. पहिलीचा जोर यायच्या आत दुसरी दिली, तर सगळा जोर एकदम येईल आणि बीपी धाडकन खाली जाईल, मग लेकराला त्रास. म्हणून ही एकदाच द्यायची आणि वाट पाहायची. सहा तासांच्या आत मला काही वेगळं दिसलं, तर मी अभ्यासासाठी थांबणार नाही, औषध बदलेन. हे शेवटचं वाक्य त्यांनी आईकडे बघून दोनदा सांगितलं.

आई परत येऊन बसली. पटलं होतं असं नाही, पण दर तासाला तो पट्टा घेऊन कुणी तरी येतं आहे, हे ती बघत होती. मला गुंगी येत होती, ती या औषधाने येतेच म्हणे. चौथ्या तासाला 152/102. पाचव्याला 146/96. सिस्टर नुसतं “आला मर्यादेत” म्हणाल्या, आणि आईने पदर डोळ्यांना लावला.

पुढचं थोडक्यात. कळा येण्यासाठी मिसोप्रोस्टॉलची बारीक मात्रा, दर दोन तासांनी, तोंडाने. ती तशी का द्यायची यामागेही नागपुरातलाच अभ्यास होता. बीपी वाढलेल्या 602 बायकांमध्ये पिशवीच्या तोंडात फुगा घालून कळा आणणं आणि ही गोळी, यांची तुलना केली. गोळीवाल्या शंभरातल्या 57 जणी चोवीस तासांत साध्या वाटेने बाळंत झाल्या, फुगेवाल्या 47. तो निकाल 2017 चा. मला तो नंतर वाचायला मिळाला. त्या रात्री मला फक्त कळा आठवतात. आणि मॅग्नेशियम चालू असल्याने कुणी ना कुणी येऊन गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं, श्वास मोजायचं, लघवीच्या पिशवीतलं माप लिहायचं. हे औषध अंगात जास्त झालं तर आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास मंदावतो, म्हणून ही पहारेदारी. पहाटे मुलगी झाली. दोन किलोला थोडी कमी. ती काचेच्या पेटीत राहिली, मी वॉर्डात. दूध काढून वाटीतून पाठवायचे. बाळंत झाल्यावरही काही दिवस बीपी चढू शकतो, झटकेही येऊ शकतात, म्हणून मला लगेच सोडलं नाही. गावाकडे बाई मोकळी झाली की धोका टळला असं धरतात. तसं नाही. घरी आल्यावर डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारलं तर तितक्याच घाईने निघायचं असतं.

निकाल मला मामेभावाने दाखवला. तो औषधनिर्माणशास्त्र शिकतो. मी त्या अभ्यासात होते, हे त्याच्या लक्षात होतं. निफेडिपिन घेतलेल्या शंभरातल्या 84 जणींचा बीपी सहा तासांत काही विपरीत न होता मर्यादेत आला. लॅबेटॅलॉलच्या 77. मिथाइलडोपाच्या 76. म्हणजे मला मिळालेली गोळी निफेडिपिनच्या मागे पडली, आणि तो फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी, असं हिशेबाने दिसलं. नवऱ्याने विचारलं, मग तुला कमी प्रतीची दिली का? नाही. त्या दिवशी खोलीतल्या कुणालाच हे माहीत नव्हतं, ते आमच्यामुळे माहीत झालं. आणि अभ्यास करणाऱ्यांनी असंही म्हटलं आहे, की तिन्ही गोळ्यांनी बहुतेक बायकांचा बीपी उतरवला, म्हणून जिथे निफेडिपिन हाताशी नाही तिथे उरलेल्या दोन्ही उपयोगी आहेत. शिरेतून औषध देण्याची सोय नसलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या सिस्टरसाठी हे वाक्य फार मोठं आहे.

त्याच कागदात आणखी एक ओळ होती. सात गंभीर घटना. एका बाईला बाळंत होताना झटका आला. सहा बाळं मृत जन्मली. एक निफेडिपिनच्या गटात, दोन लॅबेटॅलॉलच्या, तीन मिथाइलडोपाच्या. या आजारात, अभ्यास असो वा नसो, असं होतं, हे मला कळतं. पण आकडे लिहिणं हाच माझा धंदा आहे आणि त्या आकड्यापुढे मला सरकता आलं नाही. त्यातली तीन बाळं माझ्याच गटातली होती. त्यांच्या आयांनीही माझ्यासारखीच सही केली असेल. त्यांना कुणी बसून सांगितलं असेल का, की त्यांच्यामुळे काय कळलं? सांगितलं असेल अशी मी आशा करते. बाळंतपणानंतर आमच्याकडच्या बायका सासर-माहेर करतात, फोनचे नंबर बदलतात, त्यांना शोधणं सोपं नाही. म्हणून मला वाटतं, प्रत्येक अभ्यासाचा निकाल एका पानावर, साध्या मराठीत, उपकेंद्राच्या भिंतीवर लावावा. लसीकरणाच्या दिवशी तिथे सगळ्याच येतात.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी पहिल्या तिमाहीनंतर लगेच रोज एक छोटी ॲस्पिरिन सुरू केली. पहिल्या खेपेला बीपीचा त्रास झालेल्यांना ती देतात. सुदैवाने यावेळी दिवस भरले.

करोनाच्या वर्षात माझी जाऊ बाळंतपणाला दाखल झाली, तेव्हा तिलाही एका अभ्यासाबद्दल विचारलं. कळा सुरू झाल्यावर अझिथ्रोमायसिनची एकच मात्रा दिली तर जंतुसंसर्गाने बाळंतिणीची तब्येत बिघडणं, दगावणं कमी होतं का, हे सात देशांत तपासत होते, त्यात नागपूरही होतं. निम्म्या बायकांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. तिने तिथूनच मला फोन लावला. मी तिला म्हटलं, तीन गोष्टी विचार. नाही म्हटलं तर माझ्या उपचारात काय बदलेल? मध्येच सोडता येईल का? काही बिघडलं तर कोण बघणार, त्याचं नाव आणि नंबर कागदावर आहे का? तिन्हींची उत्तरं तिला नीट मिळाली. तरी बिनऔषधाच्या गोळीची गोष्ट तिच्या मनाला पटेना. ती नाही म्हणाली. सासूबाईंना वाटलं आता सिस्टर फिरकणार नाहीत. तसं काही झालं नाही. तिच्या कागदावर ‘इच्छुक नाही’ असं लिहिलं गेलं आणि बाकीचं सगळं जसं व्हायचं तसं झालं, मुलगा झाला.

त्या अभ्यासाचा निकाल 2023 मध्ये आला. औषध न घेतलेल्या शंभरात 2.4 बायकांना संसर्ग रक्तात भिनण्याचा किंवा मृत्यूचा प्रसंग आला, घेतलेल्यांत 1.6. बाळांच्या बाबतीत फरक पडला नाही. मी तिला वाचून दाखवलं तेव्हा तिने विचारलं, “मग मी तेव्हा हो म्हणायला हवं होतं का?” मी म्हटलं, हो म्हणूनही तुला औषधच मिळालं असतं असं नाही. आणि तेव्हा तू विचारून, समजून नाही म्हणालीस. आता तिची धाकटी बहीण सातव्या महिन्यात आहे, पायांवर सूज आहे. आम्ही दोघींनी तिला पहिलं सांगितलं ते हेच, की बीपी घेताना हात बाहीतून बाहेर काढ, आणि आकडा कार्डावर लिहिल्याशिवाय उठू नकोस.